तुरुंगातून परतलेला भाऊ आणि आपली वस्ती

सर्व स्तुती अल्लाहसाठी, आणि दरूद व सलाम त्याच्या अंतिम प्रेषितांवर (स.), त्यांच्या कुटुंबीयांवर व सहाबांवर.

नमाज, रोजा, जकात आणि हज यांविषयी या पानांतून आपण नेहमी वाचतो. आज ज्या विषयाकडे आपले लक्ष वेधायचे आहे, तो मिम्बरवरून क्वचितच ऐकू येतो. पण आपल्या मोहल्ल्यात एखाद्या घराच्या बंद दाराआड तो रोज जगला जातो. शिक्षा भोगून, जामिनावर अथवा निर्दोष ठरून तुरुंगातून घरी परतलेल्या माणसाचा हा विषय आहे. त्याला पुन्हा शिकता येईल का? त्याला कोणी काम देईल का? आणि दिले नाही, तर त्याचा जाब अंतिम निवाड्याच्या दिवशी कोणाला विचारला जाईल?

आपले मूर्तिजापूरच घ्या. मुंबई-हावडा लोहमार्गावरचे हे जंक्शन. येथूनच यवतमाळ आणि अचलपूरच्या दिशांना शकुंतलेचे अरुंद रूळ फुटले. कापसाच्या हंगामात जिनिंगवर काम निघते. बाकीच्या दिवसांत आपली माणसे हमाली, गवंडीकाम, गॅरेज, वेल्डिंग, सुतारकाम, शिलाई आणि फळांच्या गाड्यांवर पोट भरतात. अशा गावात काम अर्जावर कमी आणि शब्दावर अधिक मिळते. ‘अमक्याचा मुलगा आहे, हाताला चांगला आहे’ एवढे एक वाक्य कोणी बोलले की गॅरेजमालक दुसऱ्या दिवसापासून यायला सांगतो. आणि ‘तो? तो तर आत जाऊन आला आहे’ एवढे एक वाक्य कोणी बोलले की तेच दार बंद होते.

मोठ्या शहरात माणसाची नोंद पोलीस ठाण्याच्या दप्तरात असते. लहान गावात ती लोकांच्या जिभेवर असते. दप्तरातील नोंद पुसणे आपल्या हाती नाही. जिभेवरील नोंद मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे, आणि तिचा हिशेबही आपल्यालाच द्यायचा आहे.

समजा, अकोल्याच्या कारागृहातून सुटलेला एक तरुण सायंकाळच्या गाडीने मूर्तिजापूर स्थानकावर उतरला. हातात एक पिशवी, खिशात थोडेसे पैसे. त्याच्या येण्याची वाट दोघेजण पाहत असतात. एक त्याची आई, आणि दुसरा तो जुना सोबती, ज्याच्यामुळे तो आत गेला. आई त्याला जेवू घालील. सोबती मात्र त्याला ‘काम’ देईल. त्याच आठवड्यात देईल, कोणतेही प्रमाणपत्र न मागता. आता आपण स्वतःलाच विचारू या : या दोघांच्या मध्ये आपण कोठे उभे आहोत?

पैगंबरांच्या चरित्रातील तुरुंग

दिव्य कुरआनने एका संपूर्ण सूरहमध्ये आदरणीय यूसुफ (अ.) यांचे चरित्र सांगितले आहे. ते निर्दोष होते, आणि निर्दोष असूनही तुरुंगात गेले. त्या चरित्रातील तीन गोष्टी आपल्या विषयाशी थेट जोडलेल्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, तुरुंगातील सोबत्यांना ते तुच्छतेने नव्हे, तर कारागृहातील मित्र म्हणून संबोधतात आणि त्यांना एकेश्वरत्वाची शिकवण देतात. म्हणजे कारागृहातसुद्धा शिक्षणाचा वर्ग भरू शकतो, हे कुरआनने दाखवून दिले.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. सुटून जाणाऱ्या सोबत्याला त्यांनी एकच विनंती केली होती : राजापाशी माझा उल्लेख कर. तो बाहेर गेला आणि सैतानाने त्याला ते विसरायला लावले. यूसुफ (अ.) आणखी काही वर्षे आतच राहिले. तो मनुष्य त्यांचा शत्रू नव्हता, त्याने त्यांच्यावर खोटा आळही घेतला नव्हता. तो फक्त विसरला. आजही आत असलेल्या अनेकांना कोणी शत्रू अडवून ठेवत नाही. बाहेरच्यांचे विसरणेच त्यांना अडवून ठेवते. जामिनाची रक्कम कोणी भरत नाही, वकिलाकडे कोणी जात नाही, मुलाखतीला कोणी येत नाही.

तिसरी गोष्ट राजाची आहे. त्याने तुरुंगातून थेट आलेल्या माणसाच्या हाती देशाची कोठारे सोपविली. यूसुफ (अ.) यांनी स्वतःची दोन गुणवैशिष्ट्ये पुढे ठेवली होती : मी जतन करणारा आहे आणि मला ज्ञान आहे. राजाने तीच पाहिली. आणि त्याचा लाभ कोणाला झाला? दुष्काळाच्या वर्षांत मिसरचे लोक जगले. शेजारच्या देशांतून धान्यासाठी आलेले काफिलेही जगले. माणसाच्या भूतकाळाऐवजी त्याची पात्रता पाहणारा समाज त्याच्यावर उपकार करत नसतो. तो स्वतःचेच भले करीत असतो.

कोणी म्हणेल, ते तर निर्दोष होते, ज्याच्या हातून खरोखरच काही घडले त्याचे काय? त्याचेही उत्तर कुरआनातच आहे. आदरणीय मूसा (अ.) यांच्या एका ठोशाने एक मनुष्य मरण पावला. त्यांचा तसा हेतू नव्हता. त्यांनी तत्काळ आपल्या पालनकर्त्याकडे क्षमा मागितली आणि त्याने क्षमा केली. पण राजदरबारात त्यांच्या विरुद्ध मसलत चालली होती. ते मदयनला आले, तेव्हा त्यांच्याजवळ ना घर होते, ना काम, ना ओळख देणारा कोणी. विहिरीवर दोन मुलींच्या जनावरांना त्यांनी पाणी पाजले. त्या घरातील वृद्ध पित्याने त्यांना बोलावले आणि त्यांची सर्व हकीकत ऐकून घेतली. ‘तू आता सुरक्षित आहेस’ अशा अर्थाचा दिलासा त्याने आधी दिला. मग मुलीने पित्याला सुचविले की यांना कामावर ठेवावे, कारण बळकट आणि विश्वासू असा माणूस कामाला उत्तम. आणि आठ वर्षांचा, इच्छा असल्यास दहा वर्षांचा, करार झाला.

येथे एका वाचकाने तरी थांबून विचार करावा. त्या वृद्ध पित्याने हकीकत लपवायला लावली नाही. त्याने ती ऐकली, आणि ऐकल्यावर काम दिले. कामावर ठेवण्याचे निकषही सूरह कसस आपल्याला शिकविते : क्षमता आणि विश्वासूपणा. ‘याच्या नावावर काही आहे का’ हा तिसरा निकष आपण आपल्या मनाने जोडला आहे.

शिक्षा संपली, त्यानंतर

इस्लाम अपराधाला हलके मानत नाही. मखजूम या मोठ्या घराण्यातील एका स्त्रीने चोरी केली, तेव्हा तिच्यासाठी रदबदली करण्यात आली. प्रेषितांनी (स.) ती मान्य केली नाही. माझी स्वतःची मुलगी असती तरी न्याय हाच झाला असता, असे त्यांनी स्पष्ट केले. हा प्रसंग आपण अनेकदा ऐकतो आणि येथेच थांबतो. पण बुखारीतील त्याच हदीसचा शेवट आपल्या व्याख्यानांतून गळून जातो. उम्मुल मोमिनीन आयेशा (रजि.) सांगतात की, नंतर तिने उत्तम तौबा केली, तिचा विवाह झाला, आणि ती माझ्याकडे येत असे. तिची गरज मी प्रेषितांपर्यंत (स.) पोहोचवीत असे.

त्या चार गोष्टी पुन्हा पाहा : शिक्षा झाली, तौबा झाली, विवाह झाला, आणि प्रेषितांच्या घराचे दार तिच्यासाठी उघडे राहिले. शिक्षेनंतर समाजाने द्यायची दुसरी शिक्षा त्यात कोठेही नाही. आपल्याकडे मात्र न्यायालयाची शिक्षा मोजून दिलेली असते आणि मोहल्ल्याची शिक्षा जन्मभराची असते. ती अपराध्यापुरतीही राहत नाही. बहिणीचे नाते मोडते, भावाची उधारी बंद होते, मुलाला वर्गात नाव ठेवले जाते. एकाच्या अपराधाचे ओझे दुसऱ्याने वाहू नये, ही कुरआनची अनेक ठिकाणी आलेली शिकवण आपण कोणत्या तोंडाने ऐकतो?

एका मद्यपीला शिक्षा देऊन झाल्यावर लोकांपैकी कोणीतरी त्याला शाप दिला. प्रेषितांनी (स.) त्याला रोखले. आपल्या भावाविरुद्ध सैतानाला साहाय्य करू नका, असा त्या उपदेशाचा आशय आहे. हे केवळ सौजन्य नव्हे, यात माणसाच्या स्वभावाचे खोल ज्ञान आहे. ज्याला चांगल्या माणसांच्या पंक्तीतून उठविले जाते, त्याच्यासाठी दुसरी एक पंक्ती नेहमी मांडलेली असते. आपला टोमणा त्याला त्या पंक्तीकडे ढकलतो.

ती शंभरावी हत्या

बनी इस्राईलमधील त्या मनुष्याची कथा बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे, ज्याने नव्व्याण्णव खून केले होते. तौबेची इच्छा मनात जागी झाल्यावर तो एका संन्याशाकडे गेला आणि विचारले, माझ्यासाठी तौबा आहे का? संन्याशी म्हणाला, नाही. त्याने त्यालाही ठार केले आणि शंभर पूर्ण केले. मग तो एका विद्वानाकडे गेला. विद्वान म्हणाला की, तुझ्या आणि तौबेच्या मध्ये कोण उभा राहू शकतो? पण त्याने एवढ्यावर भागविले नाही. त्याने त्याला एक पत्ता दिला : अमुक वस्तीत जा, तेथे अल्लाहची उपासना करणारे लोक राहतात, त्यांच्यासोबत राहा, आणि आपल्या जुन्या वस्तीत परतू नकोस. तो निघाला आणि वाटेत मरण पावला. चांगल्या वस्तीच्या तो वीतभर जवळ निघाला आणि दयेच्या दूतांनी त्याला नेले.

बंधूंनो, या कथेत अल्लाहच्या दयेची विशालता आहेच. पण आज तिच्यातील दोन बारकावे ध्यानात घ्यावेत. एक, दार बंद करणाऱ्या उत्तराने एक अपराध वाढविला. संन्याशी स्वतः सदाचारी होता, तरी त्याच्या ‘नाही’ने शंभरावी हत्या घडली. दोन, विद्वानाला ठाऊक होते की तौबा मनात उगवते, पण तिला टिकायला वस्ती लागते. वस्ती म्हणजे शेजार, काम, सोबत, आणि सकाळी उठून जाण्याजोगे ठिकाण.

आता प्रश्न असा की, आज कोणी विद्वान अशा एखाद्या तरुणाला सांगू लागला की चांगल्या लोकांच्या वस्तीत जा, तर तो कोणत्या वस्तीचे नाव घेईल? तो मूर्तिजापूरचे नाव घेईल का? आपल्या मोहल्ल्याचे घेईल का? ज्या गावात गाडगेबाबांनी वाटसरूंसाठी धर्मशाळा उभी केली, त्या गावाला निराधारांना आसरा देणे नवे नाही. आपली मशीद तर आपल्या श्रद्धेनुसार अल्लाहचे घर आहे. तिच्या पहिल्या सफमध्ये त्याला जागा असेल, पण तिच्या बाहेरच्या दुकानांत नसेल, तर त्याने काय समजावे?

हातात कुऱ्हाड देणे

एक गरजू अन्सारी प्रेषितांकडे (स.) मदत मागायला आला. त्याच्या घरात एक कांबळे आणि एक पेला होता. त्यांनी त्या दोन वस्तू आणवून दोन दिरहमला विकल्या. एका दिरहमचे धान्य घरी पाठविले आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणायला सांगितली. तिला दांडा स्वतःच्या हाताने बसविला आणि फर्माविले की, लाकडे तोडून विक, पंधरा दिवस मला दिसू नकोस. तो परतला तेव्हा त्याच्याजवळ दहा दिरहम होते. अबू दाऊदमधील हा प्रसंग म्हणजे पुनर्वसनाचा संपूर्ण पाठ आहे. आधी पोटाची सोय, मग अवजार, मग ठरावीक मुदत, आणि शेवटी हिशेब. त्याला भीक दिली नाही आणि परतही पाठविले नाही.

शिक्षणाविषयीही असाच आदर्श आहे. बद्रच्या युद्धातील ज्या कैद्यांजवळ खंडणी द्यायला पैसे नव्हते, त्यांपैकी लिहिता-वाचता येणाऱ्यांनी मदीनेच्या मुलांना लेखन शिकवावे आणि मुक्त व्हावे, असे ठरले. शत्रूच्या सैन्यातील कैद्यालाही त्याच्या विद्येमुळे सन्मान मिळाला आणि विद्या स्वातंत्र्याची किंमत ठरली. सूरह इन्सानमध्ये गरीब व अनाथ यांच्या बरोबरीने कैद्याला जेवू घालणाऱ्यांची प्रशंसा आली आहे. ज्या धर्मात कैद्याचे नाव अनाथाच्या शेजारी येते, त्या धर्माच्या अनुयायांनी त्याच्याकडे पाठ फिरवावी, हे शोभत नाही.

आणि समाजाची जबाबदारी किती दूरवर जाते, हे आदरणीय उमर (रजि.) यांच्या निवाड्यात दिसते. काही गुलामांनी दुसऱ्याची उंटीण चोरून कापली. चौकशीत कळले की मालक त्यांना उपाशी ठेवीत होता. त्यांनी गुलामांना शिक्षा देण्याचे थांबविले आणि मालकाकडून उंटिणीच्या दुप्पट किंमत वसूल करविली. भुकेने घडलेल्या अपराधात भूक देणाराही भागीदार असतो. सुटून आलेल्याला वर्षभर काम न देणारे आपण, तो पुन्हा पकडला गेला की ‘आम्ही म्हणत नव्हतो का’ असे म्हणतो. या निवाड्यापुढे आपले हे वाक्य टिकेल का?

आजची वस्तुस्थिती

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन बंदी होते, ज्यांना आपण कच्चे कैदी म्हणतो. चारांपैकी सुमारे तिघांचा अपराध अजून सिद्धच झालेला नव्हता. महाराष्ट्रातील मुस्लिम बंदींच्या स्थितीचा अभ्यास टाटा समाजविज्ञान संस्थेने राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी केला होता. त्यात गरिबी, अपुरे शिक्षण आणि वकिलाची वानवा हेच चित्र ठळकपणे पुढे आले. बहुसंख्यांचा कोणत्याही टोळीशी संबंध नव्हता. लोकसंख्येतील आपल्या प्रमाणापेक्षा कारागृहातील आपले प्रमाण अधिक आहे, हे सत्य आहे. त्याचे काही कारण व्यवस्थेत आहे, तेथे न्याय मागितलाच पाहिजे. काही कारण मात्र आठवीत शाळा सोडून रस्त्यावर आलेल्या आपल्या मुलांत आहे, तेथे आपणच उत्तरदायी आहोत.

आशेची उदाहरणेही कमी नाहीत. १९३९ मध्ये औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविले गेले. तेथे कैदी भिंतींविना, आपल्या कुटुंबासह राहून शेती करू लागले. ती वसाहत आजही आहे. ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट त्याच प्रयोगावरून सुचला. आपल्या अमरावती जिल्ह्यात मोर्शीला खुले कारागृह आहे. राज्यातील कारागृहांत यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांच्या अभ्यासकेंद्रांतून बंदी पदव्या घेतात. मुंबईत ‘प्रयास’ १९९० पासून आणि अमरावतीत ‘वऱ्हाड’ ही संस्था बंदी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी झटत आहे. २००६ च्या मुंबई लोकल स्फोट खटल्यात ९ वर्षे तुरुंगात काढून २०१५ मध्ये निर्दोष सुटलेले शिक्षक अब्दुल वाहिद शेख यांनी आतच कायद्याचे शिक्षण घेतले, आणि सुटल्यावर ते पुन्हा मुलांना शिकवू लागले. ज्या शाळेने अशा माणसासाठी फळ्यासमोरची जागा पुन्हा मोकळी केली, तिने एका कुटुंबाबरोबर न्यायाचीही लाज राखली.

सावधगिरी आणि न्याय

येथे एक शंका रास्त आहे. ज्याचे नुकसान झाले, त्याच्या हक्काचे काय? विद्वानांनी तौबेच्या अटी स्पष्ट केल्या आहेत : अपराध सोडणे, त्याबद्दल खेद वाटणे, पुन्हा न करण्याचा निश्चय, आणि माणसाचा हक्क बुडविला असेल तर तो परत करणे अथवा त्याची क्षमा मागणे. चोरीचा माल पचवून तौबा होत नाही. म्हणून मोहल्ल्यातील जाणत्यांनी मध्यस्थी करून ज्याचे नुकसान झाले त्याच्या घरीही जावे. त्याचे दुःख ऐकले नाही, तर आपली दया एकतर्फी ठरेल.

दुसरी शंका मालकाची असते : माझ्या दुकानाचे काही झाले तर? विश्वास ठेवणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे. कामाची निवड विवेकाने करावी. ज्याच्यावर लहान मुलांशी संबंधित अपराध सिद्ध झाला आहे, त्याला मदरशात किंवा शाळेत ठेवू नये. पण वेल्डिंगच्या दुकानात त्याच्या हाताला काम देता येते. ज्याने पैशाचा अपहार केला, त्याच्याकडे प्रथम गल्ला नको, हत्यारे द्यावीत. कुरआनने देवाणघेवाण लिहून ठेवण्याची आज्ञा दिली आहे. पगार, मुदत आणि अटी लिहून ठेवल्या तर मालक निर्धास्त राहतो आणि कामगाराचा सन्मानही राहतो. कमी मजुरीत राबवून घेण्यासाठी त्याच्या नाइलाजाचा फायदा घेणे मात्र उघड जुलूम आहे.

कायद्याची थोडी माहिती

अज्ञानामुळेही अनेक दारे बंद वाटतात. कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला १९८७ च्या कायद्यानुसार विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने संभाव्य कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याच्या सुटकेचा विचार व्हावा लागतो. फाशी व जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले यांना हे लागू नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली सोडलेल्या व्यक्तीला त्या दोषसिद्धीमुळे अपात्रता चिकटत नाही. अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत २०१५ चा बालन्याय कायदा, काही गंभीर अपवाद सोडता, अपात्रता दूर करतो आणि नोंदीही नष्ट करण्यास सांगतो. ज्यांचे पालक तुरुंगात आहेत, त्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. तिची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावी.

नोकरीच्या अर्जात खटल्याची माहिती विचारली असेल तर ती खरी लिहावी. अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले की, मालकाने प्रकरणाचे स्वरूप पाहून निर्णय घ्यावा. क्षुल्लक गोष्टीला अवास्तव महत्त्व देऊ नये. पण जाणूनबुजून लपविणे हेच नोकरी जाण्याचे कारण ठरू शकते. मूसा (अ.) यांनी मदयनच्या वृद्धापुढे जे केले, त्याचेच हे आजचे रूप आहे : सत्य सांगणे आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवणे.

आपल्या हातून काय होऊ शकते

पुढील कामे कोणत्याही एका मशिदीच्या कक्षेत आहेत.

प्रथम, मशीद समितीने दोन विश्वासू व्यक्ती नेमाव्यात. कोणी सुटून आल्यावर त्यांनी पहिल्या तीन दिवसांत त्याच्या घरी जावे. सल्ला देऊ नये, सलाम करावा, चहा घ्यावा, आणि आधार कार्ड, रेशन कार्ड, बँक खाते यांत काय अडले आहे ते विचारावे.

दुसरे, बैतुलमालमधून अवजारांसाठी निधी वेगळा काढावा. शिलाई मशीन, वेल्डिंगचा संच, गवंड्याची हत्यारे, हातगाडी. जकातीच्या खर्चाचे जे आठ प्रकार सूरह तौबामध्ये सांगितले आहेत, त्यांत गरजवंत, कर्जदार आणि बंधनातील मान यांचा समावेश आहे. कोणती रक्कम कोणत्या प्रकारात बसते, हे स्थानिक आलिमांना विचारून ठरवावे. परतफेडीच्या बोलीवर बिनव्याजी कर्ज, म्हणजे कर्जे-हसना, हाही उत्तम मार्ग आहे.

तिसरे, अर्धवट राहिलेले शिक्षण. ज्याची दहावी-बारावी सुटली, त्याला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येते. आपल्या मोहल्ल्यात शिक्षक आहेत, निवृत्त शिक्षकही आहेत. इशाच्या नमाजनंतर एक तास दिला तरी पुरेसा आहे. ज्याला कौशल्य हवे, त्याला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या प्रवेशाची तारीख सांगणे व फी भरणे हेही सदका आहे.

चौथे, दहा दुकानदारांनी मिळून ठरवावे की वर्षातून एकाला तरी आपण उमेदवारी देऊ, आणि ‘हा माझ्याकडे होता, माणूस भरवशाचा आहे’ एवढी साक्ष सहा महिन्यांनंतर देऊ. लहान गावात या साक्षीची किंमत कोणत्याही कागदापेक्षा अधिक आहे.

पाचवे, आपल्या घरातील जीभ. सूरह हुजुरात आपल्याला टोपणनावांनी चिडविण्यापासून आणि पाठीमागे निंदा करण्यापासून रोखते. मुलांसमोर कोणाच्याही नावाला ‘जेलवाला’ हे शेपूट लावू नका. जो आपल्या बंधूचे दोष झाकतो, त्याचे दोष अल्लाह झाकतो, हे प्रेषितांचे (स.) आश्वासन आहे. आपल्यापैकी असा कोण आहे, ज्याला त्या झाकणाची गरज नाही?

तुमच्यासाठी, जे परतला आहात

हे पान वाचणाऱ्यांत तुम्हीही असाल, किंवा तुमची आई कोणाकडून वाचून घेत असेल. म्हणून शेवटचे शब्द तुमच्यासाठी. प्रेषितांच्या (स.) शिकवणीनुसार पापापासून खरी तौबा करणारा हा पाप न केल्यासारखा होतो, आणि सूरह फुरकान तर सांगते की तौबा करून सत्कर्मे करणाऱ्यांच्या दुष्कर्मांच्या जागी अल्लाह सत्कर्मे लिहितो. लोक विलंब लावतील. काही जण कधीच बदलणार नाहीत. पहिले काम लहान असेल, मजुरी कमी असेल, आणि कोणीतरी उगाच पिशवी तपासून पाहील. तेव्हा धीर सोडू नका. जुना सोबती दारात येईल तेव्हा त्याच्यासाठीही दुआ करा, पण त्याच्या मागे जाऊ नका. जो विद्वान त्या मनुष्याला वस्ती बदलायला सांगतो, तो हेच सांगत असतो. आणि यूसुफ (अ.) यांना आठवा. सिंहासनापाशी बसलेले असताना, पित्यासमोर, त्यांनी अल्लाहच्या उपकारांत तुरुंगातून सुटल्याचा उल्लेख केला. त्यांनी ते लपविले नाही. भावांनी आपल्याला विहिरीत टाकल्याचा उल्लेख मात्र त्यांनी त्या वेळी टाळला, जेणेकरून त्यांना लाज वाटू नये. स्वतःची गोष्ट मोकळेपणाने सांगावी आणि दुसऱ्याची झाकावी, हा त्या सज्जनाचा मार्ग होता.

हे अल्लाह, जे निर्दोष असून कैदेत आहेत, त्यांच्या सुटकेची वाट मोकळी कर. ज्यांच्या हातून अपराध घडला, त्यांना खरी तौबा दे आणि ज्यांचे नुकसान झाले त्यांच्या मनाला शांती दे. परतणाऱ्यांसाठी आमच्या दुकानांची, शाळांची आणि हृदयांची दारे उघड. आमच्या तोंडून असे ‘नाही’ निघू देऊ नकोस, ज्यामुळे कोणाचा एक अपराध वाढेल. आणि आमच्या गावाला ती वस्ती बनव, जिच्याकडे निघालेल्या माणसाला तू दयेने जवळ केलेस.

आमीन.